जुंपलेली मोटार सोडणार कोण?

विजेवर चालणारी मोटार वऱ्हाडात आता नवलाईची राहिलेली नाही. अमरावतीच्या कॅम्पात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवर हिरव्या पाटीची गाडी गेली तर कोणी मान वळवून पाहत नाही. लोक थांबून पाहतात ते दुसरेच दृश्य. महामार्गालगतच्या एखाद्या हॉटेलच्या आवारात चार्जरचा खांब उभा असतो, त्याची लठ्ठ केबल मोटारीच्या अंगात शिरलेली असते, आणि एरवी चारचौघांत अदबीने वावरणारा कोणी प्राध्यापक, वकील अथवा अडत्या घामाघूम होऊन ती केबल दोन्ही हातांनी ओढीत असतो. गाडीचे पोट भरलेले असते, पैसे चुकते झालेले असतात, बायकामुले आत बसलेली असतात. सुटत नाही ती फक्त टोकाची गन. हॉटेलचा पोऱ्या येतो, शेजारचा ट्रकवाला येतो, प्रत्येकजण एकेक हिसका देऊन पाहतो आणि आपापला सल्ला देऊन जातो.

हा प्रसंग विनोदी वाटतो तो ज्याच्यावर येत नाही त्याला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेलेला असावा, चार्जरवर छप्पर नसावे, केबलचे वेष्टण हाताला चटका देत असावे आणि गाडीत मागच्या आसनावर नागपूरच्या रुग्णालयात न्यावयाचा वृद्ध रुग्ण असावा, अशा वेळी त्यातील विनोद ओसरण्यास फारसा वेळ लागत नाही. रात्री अकराच्या सुमारास हॉटेलच्या मागील अंगाला, जेथे चार्जरसाठी उरलीसुरली जागा दिलेली असते तेथे, एकट्या स्त्रीवर हाच प्रसंग आला तर त्याला गैरसोय हा शब्दही अपुरा पडेल. पेट्रोल संपलेली गाडी निदान ढकलता तरी येते. खांबाला बांधलेली गाडी ढकलताही येत नाही.

गन अडकून राहते ती प्रत्येक वेळी बिघाडामुळेच असे नाही. ती अडकून राहावी अशीच तिची रचना आहे, आणि त्या रचनेमागे सबळ कारण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक नव्या विजेच्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी ‘सीसीएस-२’ या नावाने ओळखली जाणारी जोडणी असते. गन आत बसली की मोटारीच्या बाजूने एक खिट्टी सरकते आणि गनेच्या खाचेत जाऊन बसते. त्यानंतर गनेच्या खालच्या दोन जाड टोकांतून जो प्रवाह वाहू लागतो तो घरातल्या विजेसारखा नसतो. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्यामुळे प्लग ओढताना ठिणगी पडली तरी ती बहुधा लगेच विझते. जलद चार्जरमधला प्रवाह एकदिश असतो, तो मुळी शून्यावर येतच नाही. साठ किलोवॅटचा चार्जर चारशे व्होल्टच्या दाबाने चालत असेल तर दीडशे अँपिअर वीज त्या टोकांतून जात असते. असा प्रवाह चालू असता गन खेचली तर ठिणगीऐवजी विजेची ज्वाला उभी राहील आणि ती ओढणाऱ्याच्या हातालाच भाजून काढील. यास्तव प्रवाह पूर्ण थांबला, दाब उतरला, अशी खात्री पटेपर्यंत खिट्टी मागे सरकत नाही. खिट्टी हवीच. तक्रार खिट्टीबद्दल नाही. ती मागे घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याबद्दल आहे.

हा अधिकार आज चौघांत विभागला गेला आहे. मोटारीच्या संगणकाने होय म्हणावे लागते. चार्जरने होय म्हणावे लागते. दूर कुठल्यातरी शहरात बसलेल्या चार्जर कंपनीच्या यंत्रणेने व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद करावी लागते. आणि या तिघांशी बोलणारा दुवा म्हणून चालकाच्या खिशातला मोबाईल जिवंत असावा लागतो, त्याला रेंज असावी लागते, त्यात त्या विशिष्ट कंपनीचे अ‍ॅप असावे लागते व त्या अ‍ॅपने ऐनवेळी पुन्हा परवलीचा क्रमांक मागू नये अशी देवाची कृपा असावी लागते. चौघांपैकी एकजण गप्प बसला की चालकाच्या हाती ओढाताण तेवढी उरते. त्यात गाड्यागाड्यांचे रिवाज निराळे. काही गाड्यांत किल्लीने दारे उघडली की गन सुटते, काहींत पडद्यावर जाऊन चार्जिंग थांबवावे लागते, काहींत दोन्ही करूनही गन काढण्यास काही क्षणांचीच मुदत मिळते आणि तेवढ्यात हात चालला नाही तर खिट्टी पुन्हा पुढे सरकते. ती ज्या लहानशा बॅटरीवर सरकते ती बारा व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर मुख्य बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही खिट्टी जागची हलत नाही.

केबलचे वजन ही एक वेगळीच पीडा आहे. जाड तांब्याच्या तारांची ती केबल गनेला खाली खेचत असते, त्या ताणाने खिट्टी खाचेत आवळून बसते, आणि माणूस जितक्या जोराने ओढील तितकी ती अधिक आवळते. येथे उपाय उलटा आहे: गन हाताने किंचित वर उचलून आत दाबावी, मग किल्लीचे बटण दाबावे आणि खिट्टी सरकल्याचा आवाज आल्यावरच ओढावी. अनुभवी चालकांना हे ठाऊक असते. नव्या मालकाला ते कोणी सांगत नाही. पुष्कळ मोटारींत, यंत्रणा पूर्ण रुसली तर खिट्टी हाताने मागे घेण्यासाठी बॉनेटखाली अथवा डिकीत एक दोरी किंवा कडी दिलेली असते. गाडी ताब्यात देताना पेढ्यांचा पुडा आणि फुलांचा गुच्छ देणारे विक्रेते ही कडी दाखविण्याचे विसरतात. माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख असतो, परंतु पुस्तिका इंग्रजीत असते आणि उन्हात उभे राहून चारशे पानांत एक कडी शोधणे हे काही सोपे काम नव्हे.

आता चार्जरवरील तांबड्या बटणाविषयी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला विजेचे यंत्र नवे नाही. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर तो गेली कित्येक वर्षे हाताळीत आला आहे. हिरवे बटण दाबले की पंप चालू, तांबडे दाबले की बंद, हे ज्ञान त्याच्या बोटांत आहे. असा माणूस विजेची मोटार घेऊन चार्जरपाशी आला, काम झाले, आणि समोर ठसठशीत तांबडे बटण दिसले, तर तो ते दाबणार नाही तर काय करील? परंतु चार्जरवरील ते बटण ‘बंद’चे नसते. ते संकटकाळचे असते. ते दाबले की एकट्या त्याच्याच गाडीचा प्रवाह तुटत नाही; एका खांबाला दोन गना असतील तर शेजारच्या गाडीचेही चार्जिंग तेथेच संपते. मग ते बटण फिरवून पूर्ववत करावे लागते, पुष्कळदा सारे यंत्र नव्याने सुरू करावे लागते, आणि ते करणारा अधिकृत माणूस तेथे नसला तर चार्जर बंद पडून राहतो. पुढच्या प्रवाशाला अ‍ॅपवर तो कधी ‘उपलब्ध’ दिसतो, कधी ‘नादुरुस्त’. दोष बटण दाबणाऱ्याचा, असे कंपन्या म्हणतील. परंतु ज्या यंत्रावर संकटाचे बटण आहे आणि काम संपल्यावर दाबावयाचे साधे बटण नाही, ते यंत्र ज्याने रचले त्याला स्टार्टर ठाऊक नसावा.

साधे बटण का नाही, याचे उत्तर धोरणात शोधावे लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शहरात तीन किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात एक केंद्र आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंस एकेक, असे त्यात उद्दिष्ट होते. केंद्र काढण्यास परवान्याची अट नव्हती, हे योग्यच झाले. ऑनलाइन नोंदणीची सोय करण्यासाठी जाळ्याच्या सेवेशी करार असावा, अशीही अट होती. म्हणजे गाडी केंद्रापर्यंत यावी कशी, तिने आगाऊ जागा राखावी कशी, याचा विचार झाला. महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये आपले धोरण जाहीर केले. त्यात २०२५ पर्यंत मुंबईत १५००, पुण्यात ५००, नागपुरात १५० अशा केंद्रांच्या संख्या ठरविल्या गेल्या. अमरावतीच्या वाट्याला ३० आली आणि अकोल्याचे नाव त्या यादीत नव्हते. अकोल्याच्या वाटेला नेहमी येते तेच याही वेळी आले, असे कोणी म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. २०२५ च्या नव्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकरमाफी आणि महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय आली. समृद्धी अमरावती जिल्ह्यातून जाते, अकोला जिल्ह्याला वगळून जाते, हा आणखी एक तपशील.

या साऱ्या कागदांत मोजमाप आहे ते खांबांचे. किती खांब उभे राहिले, हे विधिमंडळात सांगता येते. किती चालकांना तेथून वेळेवर निघता आले, हे कोणी मोजत नाही. उभा असलेला पण सोडत नसलेला चार्जर हा सरकारी हिशेबात चालू चार्जर असतो.

आणि हे घडते कोठे, तर ज्या दोन जिल्ह्यांत वीज तयार होते तेथे. अकोला जिल्ह्यात पारसचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठला १३५० मेगावॅटचे आहे. वीज निर्माण करण्याची धग आणि राख या भागाने सोसली. ज्या राष्ट्रीय महामार्गावर हे चार्जर उभे आहेत त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. ते काम कौतुकास्पद होते. तेव्हा विक्रमी वेगाने रस्ता करण्याची शक्ती आपल्यापाशी आहे. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीची गन सोडविण्यासाठी जी व्यवस्था लागते तिला ना डांबर लागते ना यंत्रांचा ताफा. तिला कोणीतरी जबाबदार असावा लागतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण चालकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. गन खिट्टीने बांधलेली असल्यामुळे ती परक्याला काढता येत नाही. याचा फायदा घेणारे सद्‌गृहस्थ महामार्गावर भरपूर आहेत. गाडी लावावी, जेवावयास बसावे, जेवणानंतर पान, पानानंतर राजकारण, आणि बाहेर तिसऱ्या नंबरावर उभा असलेला टॅक्सीवाला घड्याळ पाहत बसलेला. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की चार्जिंगचा वेग मंदावतो. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी पहिल्या साठ टक्क्यांइतकाही वेळ जाऊ शकतो. अमरावतीहून अकोल्याला, शंभर किलोमीटरच्या आतबाहेरच्या प्रवासासाठी, त्या वीस टक्क्यांची काही गरज नसते. परंतु भरले ताट सोडून उठण्याची आपल्याला सवय नाही. काही कंपन्या अशा वेळी थांबण्याचे भाडे आकारतात. ते सर्वांनीच आकारावे. मात्र ज्याची गन यंत्राच्या दोषाने अडकली आहे त्याच्याकडून तेच भाडे वसूल होऊ नये, एवढी तारतम्यबुद्धी त्या यंत्रणेत असली पाहिजे. अडकवून ठेवायचे आणि वर अडकल्याचे भाडे घ्यायचे हा सावकारी हिशेब झाला, आणि वऱ्हाडाला तो नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही.

घरी चार्जिंग करणारे यातून सुटले आहेत असे समजू नये. रात्री पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी लावावी, पहाटे वीज गेलेली असावी, आणि सकाळी कचेरीला निघताना गाडीकडची गन निघेना, म्हणून भिंतीतला प्लगच ओढावा, ही गोष्ट नेहमीची आहे. पुरवठा परत आलेला असेल तर त्या ओढण्याने ठिणग्या उडतात, प्लगची भोके काळवंडतात, आणि पुढील वेळी तेथेच वायर तापू लागते. आधी गाडीला थांबवावे, मग गाडीकडची गन काढावी, भिंतीचा प्लग सर्वांत शेवटी, हा क्रम चित्रासह छापून भिंतीला लावण्याइतका महत्त्वाचा आहे. बंदिस्त वाहनतळात लावलेल्या मोटारीच्या बाबतीत तो अधिकच महत्त्वाचा.

चार्जिंग केंद्रे अजून बाल्यावस्थेत आहेत, कालांतराने सारे सुरळीत होईल, असा एक युक्तिवाद केला जातो. काही अंशी तो खरा आहे. परंतु सुरळीत होणे हे आपोआप होत नसते. ब्रिटनमध्ये चार्जिंगची केंद्रे आपल्याहून कितीतरी अधिक असताना लोकांची हीच रड होती. तेथील सरकारने २०२३ मध्ये कायद्याने नियम केले: जलद चार्जरांचे जाळे वर्षातून सरासरी नव्व्याण्णव टक्के वेळ चालू राहिले पाहिजे, आणि चालकाला चोवीस तास विनामूल्य दूरध्वनी मदत मिळाली पाहिजे, ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून बंधनकारक झाली. अ‍ॅप नसलेल्या माणसालाही साध्या बँक कार्डाने पैसे देता यावेत, अशी सक्तीही त्यात आहे. म्हणजे तेथेही कंपन्यांना हे आपणहून सुचले नाही. आपल्याकडे कंपन्यांना ते आपणहून सुचेल असे मानण्यास काय आधार आहे?

पेट्रोल पंपाशी तुलना करणे काहींना जुनाट वाटेल. पण पेट्रोल पंपावर नळी टाकीत घालणारा आणि काढणारा माणूस एकच असतो, त्याच्यावर एक व्यवस्थापक असतो, व्यवस्थापकाच्या टेबलावर तक्रारवही असते आणि भिंतीवर वरिष्ठाचा क्रमांक लिहिलेला असतो. चार्जरवर एक चौकोनी ठिपक्यांची खूण चिकटविलेली असते. मोबाईलने ती टिपावी. टिपता आली नाही तर पुढे काय, हे त्या खुणेत लिहिलेले नसते. हॉटेलमालकाला विचारावे तर तो म्हणतो, आम्ही जागा दिली आहे, यंत्र कंपनीचे. कंपनीला विचारावे तर ती म्हणते, यंत्र ठीक आहे, गाडीत दोष असावा. गाडीवाली कंपनी म्हणते, गाडी ठीक आहे, चार्जर तपासा. तिघेही कदाचित खरे बोलत असतील. गाडी जेथल्या तेथेच असते.

बैलगाडीच्या काळी वऱ्हाडातल्या कोणत्याही गड्याला एक गोष्ट सांगावी लागत नसे. जुवाची शिवळ अशी असे की बैल कितीही ओढो, ती निसटत नसे. आणि बैल अडखळून पडला तर धुरकरी तीच शिवळ एका हाताने उपसून त्याला मोकळा करी. ज्याने जुंपले त्याच्याच हाती सोडणे असे. विजेच्या मोटारीची खिट्टी शिवळीहून शतपट हुशार आहे. तिचा प्रवाह थांबेतो घट्ट राहण्याचा गुण तसाच ठेवून, प्रवाह थांबल्यावर ती चालकाच्या हाती द्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

ही मागणी पुरी करण्यास नवे संशोधन लागत नाही. प्रत्येक सार्वजनिक चार्जरवर, संकटाच्या बटणापासून दूर, ‘चार्जिंग थांबवा’ असे मराठीत लिहिलेले साधे बटण असावे आणि ते मोबाईलवाचून, रेंजवाचून चालावे. हिशेब काय तो मागाहून होत राहील. गन कशी काढावी हे पाच ओळींत, मोठ्या अक्षरांत, चार्जरवरच रंगवावे. रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा आणि तो उचलणाऱ्याला मराठी यावी. अनुदान घेतलेल्या केंद्रावर छप्पर व दिवा सक्तीचा असावा. गाडी विकताना विक्रेत्याने ग्राहकाच्या हातून एकदा तरी ती कडी ओढवून घ्यावी. आणि अनुदानाचा अखेरचा हप्ता खांब उभा राहिल्यावर न देता तो वर्षभर नीट चालल्यावर द्यावा. यातील शेवटची अट घातली तर आधीच्या बहुतेक गोष्टी कंपन्या स्वतःहून करतील.

या कामासाठी राज्याने महावितरणला समन्वय संस्था नेमले आहे, आणि महावितरणची परिमंडळ कार्यालये अमरावतीतही आहेत व अकोल्यातही. या दोन्ही कार्यालयांतील जबाबदार अधिकाऱ्यांनी येत्या उन्हाळ्यात एक दिवस काढावा, दुपारी बारा वाजता अकोल्याहून विजेच्या मोटारीने निघावे, मूर्तिजापूरमार्गे अमरावतीपर्यंत महामार्गावर लागेल त्या प्रत्येक चार्जरला गाडी जोडावी, आणि मोबाईल बंद करून ती सोडवून दाखवावी. कोणत्या ठिकाणी किती वेळ लागला, कोणाला हाक मारावी लागली आणि ती कोणी ऐकली, हे लिहून ती यादी दोन्ही शहरांत प्रसिद्ध करावी. एका दिवसाचे काम आहे. गना सुटल्या तर.